कळंबचा रानकोंबडा

पुण्याहून सुटलेली एसटी खंडाळ्याचा घाट उतरत होती तेव्हा मला डुलकी लागली. जाग आली ती कंडक्टरच्या हाकेने. "चौक" एवढा शब्द कानावर पडला आणि मी बॅग सावरत, लोकांचे पाय तुडवत खाली उतरले. गाडी धूर सोडून निघून गेली आणि मग मी पाटी वाचली. खालापूर. कंडक्टर बहुधा म्हणाला होता, चौकवाल्यांनी बसून राहा. त्यातलं मला हवं तेवढंच मी ऐकलं होतं.

फेब्रुवारी संपत आला होता. सकाळचे साडेदहाच वाजले होते, पण ऊन चढलं होतं आणि घाटावरच्या कोरड्या हवेची सवय असलेल्या मला मिनिटभरात घाम फुटला. एका टमटममध्ये पाच जणांबरोबर दाटीवाटीने बसून मी जुन्या महामार्गाने चौकला पोचले. तिथे माझी जुनी विद्यार्थिनी मेघना मला न्यायला येणार होती. तिला उशीर होता, म्हणून एका ढाब्यात चहा घेत बसले. मालकाने सहज विचारलं, कुठे निघालात. मी म्हटलं, कळंबजवळ शिकारीचं एक चित्र आहे, ते बघायला. त्याने 'शिकार' एवढंच ऐकलं असावं. शेजारच्या टेबलावरच्या दोघांकडे बघून तो गप्प झाला. जरा वेळाने हळू आवाजात त्याने विचारलं, मी जंगल खात्यातली का. मी नाही म्हटलं, तर त्याला ते खरं वाटलं नाही. चहाचे पैसे घ्यायलाही तो तयार होईना. शेवटी मी ते बरणीखाली ठेवले आणि बाहेर येऊन उभी राहिले. प्रवासाची सुरुवातच अशी घोटाळ्याने झाली आणि पुढचे तीन दिवस तो काही सुटला नाही.

मी मुळात का निघाले होते ते सांगायला हवं. सांगलीच्या एका कलामहाविद्यालयात मी तीस वर्षं पाश्चात्त्य चित्रकलेचा इतिहास शिकवला. त्यात दरवर्षी एक तास शिकारीच्या चित्रांचा असे. रानडुकरावर तुटून पडलेले कुत्रे, हरणाच्या मागे धावणारे घोडेस्वार, आणि मग शिकार झाल्यानंतरची ती स्तब्ध चित्रं: एका मागच्या पायाने खिळ्याला टांगलेला ससा, पंख पसरून पडलेला तितर, बाजूला तांब्याचं भांडं, अर्धं सोललेलं लिंबू. मी मुलांना सांगायची, की तिकडे शिकारीचा हक्क सरदार-जमीनदारांचा होता, म्हणून त्यांच्या जेवणघरात ही चित्रं लागायची. आमच्या रानात काय आहे आणि ते कुणाचं आहे, हे पाहुण्याला घास घेता घेता कळावं. हे सगळं पुस्तकातलं. निवृत्त झाल्यावर व्हिएन्नाला जाऊन ती चित्रं प्रत्यक्ष पाहिली. दालनंच्या दालनं मेलेल्या प्राण्यांनी भरलेली. सशाच्या पोटावरची लव इतकी मऊ रंगवलेली, की हात पुढे जावा. मी एका बाकावर बसून राहिले. दया यावी की कौतुक करावं, मला काही कळेना. सोबतच्या बायका जेवायला निघाल्या तेव्हा मी त्यांना खोटंच सांगितलं, पोट बिघडलंय.

मेघना माझ्याकडे शिकली आणि लग्न करून कर्जतला गेली. तिचे सासरे साठे वकील, कर्जतच्या जुन्या घराण्यातले. त्यांच्या वडिलांनी कळंबच्या पुढे मुंबईच्या एका शेठचा बंगला सामानासकट विकत घेतला होता. आता मेघना तिथे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी रिसॉर्ट चालवते. बंगल्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये एक मोठं तैलचित्र होतं आणि त्यावरून घरात वाद पेटला होता. पाहुण्यांपैकी बरेच जण शाकाहारी. मेलेल्या सशाखाली बसून जेववत नाही, अशी तक्रार ते करायचे. मेघनाला चित्र उतरवायचं होतं. वकिलांचं म्हणणं, ते युरोपातलं अस्सल चित्र आहे आणि मुंबईचा एक व्यापारी ते घ्यायला तयार आहे. त्याला फक्त जाणकाराचं पत्र हवं. जाणकार म्हणजे मी.

मेघनाने चौकहून गाडी कर्जतच्या रस्त्याला घातली. डावीकडे माथेरानचा डोंगर सपाट माथा घेऊन आमच्या बरोबरीने चालत होता. रानात पळस फुलले होते. कर्जत मागे पडल्यावर मात्र एकाएकी हिरवं दिसायला लागलं. कालव्याच्या पाण्यावर इकडे उन्हाळी भात घेतात. घाटावर या दिवसांत सगळं करपलेलं असतं. इथे खाचरांत पाणी चमकत होतं, बगळे उभे होते आणि मधूनच 'स्विमिंग पूल उपलब्ध' अशा पाट्या. मेघना गाडी चालवताना म्हणाली, की मॅडम, तुम्ही काय सांगाल ते बाबा ऐकतील, माझं ऐकत नाहीत. मला ते ओझं वाटलं.

बंगला बसका, दगडी जोत्याचा, नव्याने रंग दिलेला. साठे वकील पांढरा झब्बा घालून पायरीवर उभेच होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण ताठ. चहापाणी राहू दे, आधी चित्र बघा, म्हणाले.

चित्र पाहिलं आणि पहिल्या क्षणी माझीही खात्री झाली. काळोखी पार्श्वभूमी, दगडी कट्टा, वर टांगलेला ससा, खाली पंख उलगडून पडलेला कोंबडा, दोन लावऱ्या (बटेरासारखे छोटे पक्षी), तांब्याचं घंगाळ, लिंबाच्या सालीची लोंबती वळी. डाव्या कोपऱ्यात लांब कानांचा तपकिरी कुत्रा मान वर करून शिकारीकडे बघत होता. व्हिएन्नाच्या त्या दालनातून कुणीतरी उचलून आणावं असं. सही कुठेच नव्हती. वकील माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, उद्यापर्यंत वेळ द्या.

जेवण झाल्यावर सगळे आडवे झाले तेव्हा मी खुर्चीवर चढून भिंग लावलं. प्लास्टिकची खुर्ची एका पायावर कलली आणि मी पडता पडता भिंत धरली. त्या झटक्यात डोळे कोंबड्याच्या मानेपाशी आले. मानेची पिसं करडी-काळी होती आणि प्रत्येक पिसाच्या टोकाशी मेणाचा थेंब सांडावा तसा पिवळा ठिपका. हा युरोपातला कोंबडाच नव्हता. हा आपल्या सह्याद्रीतला रानकोंबडा होता. मग ससा पाहिला. त्याच्या मानेमागे काळा डाग. तोही आपलाच. पण कुत्रा? असला कुत्रा इकडच्या कुठल्या गावात मी पाहिला नव्हता. लिंबाची साल डच चित्रांत सोलतात तशी, तांब्याचं घंगाळ मात्र आपल्याकडचं. चित्र एका देशातलं होतं की दोन, हेच मला सांगता येईना. एखाद्या गोऱ्या चित्रकाराने इथे येऊन काढलं असेल? की इथल्या कुणी तिकडची छापील चित्रं बघून? संध्याकाळी वकिलांनी विचारलं तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलले. मी तीस वर्षं वर्गात कधी "माहीत नाही" म्हटलं नव्हतं. तो शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा खुर्चीवर होते. मागच्या दाराने दूधवाला आला. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला. कॅन स्वयंपाकघरात ठेवून तो हॉलच्या दारात थांबला. कधी चित्राकडे, कधी माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, यालाही मी जंगल खात्याची वाटतेय.

मग तो म्हणाला, "बाई, तो कोंबडा आमच्या आज्याचा हाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्याचं नाव रमेश, राहायला कडावला, घरच्या बारा म्हशी. त्याने सांगितलं ते असं. त्याच्या आईचं माहेर याच बंगल्याच्या मागच्या वाडीत होतं. रिसॉर्टला दूध घालायला लागल्यावर त्याने हे चित्र पाहिलं आणि घरी बोलता बोलता आईला सांगितलं, की भिंतीवर ससा आणि रानकोंबडा आहे. आई म्हणाली, तो माझ्या बापाने धरलेला. त्याने ते थट्टेवारी नेलं. पण कालपासून स्वयंपाकघरात कुजबुज होती, की सांगलीहून एक बाई चित्राची चौकशी करायला आली आहे. "तुमी आईला इचारा," तो म्हणाला. "मला काय कळत नाय त्यातलं."

त्याच्याच टेंपोत रिकाम्या कॅनांच्या खडखडाटात मी कडावला गेले. वकिलांना मी सांगितलं, जरा भात बघून येते.

कडाव म्हणजे भाताचं गाव. रस्त्याच्या कडेला दुकानं, मागे घरं, त्यामागे लगेच खाचरं. रमेशचं घर स्लॅबचं, पुढे गोठा, शेणाचा आणि ओल्या पेंढ्याचा वास. त्याची आई ठकूबाय ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. ऐंशीच्या घरातल्या, अंगाने वाळलेल्या, नऊवारी नेसलेल्या, हाताला मात्र जराही कंप नव्हता. मी कोण, कुठली, मुलं किती, हे त्यांनी आधी नीट विचारून घेतलं. मग शेंगांची टोपली माझ्यापुढे सरकवली. मीही सोलायला लागले. रमेशने चित्राचा विषय काढला तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न मला विचारला.

"त्यात कुत्रा हाय म्हनं?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि सांगायला लागल्या. मधेमधे त्या थांबत, शेंग सोलत, पुन्हा सुरू करत. मी इथे ते एकसलग सांगते.

त्या तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या. बाप बारकू शेठच्या बंगल्यावर पडेल ते काम करायचा आणि रानात फासे लावायचा. आषाढाचे दिवस, लावणी उरकलेली, कणगीतलं भात संपलेलं. घरात माणसं सात आणि दोन वेळची आंबील. त्या पावसात शेठकडे एक मास्तर पाहुणा आला. मुंबईचा की आणखी कुठला, त्यांना ठाऊक नाही. धोतर नेसायचा, चष्मा लावायचा आणि दिवसभर रंग कालवत बसायचा. त्याच्याकडे एक मोठं पुस्तक होतं, त्यात साहेबांच्या देशातली चित्रं. त्याने बारकूला सांगितलं, ससा आण, कोंबडा आण, जिवंत नको, मेलेला. बारकूने दोन दिवस रान पालथं घालून ते आणलं. ठरलं असं, की चित्र झालं की शिकार बारकूची.

"मला माश्या वारायला बसवली," ठकूबाय म्हणाल्या. (वारायला म्हणजे हाकलायला.) निरगुडीचा डहाळा घेऊन त्या कट्ट्याखाली बसायच्या. माशी बसली की मास्तर ओरडायचा, कारण माशी बसली की पिसं हलतात. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, संध्याकाळी कोंबडा घरी जाईल. आईने दगडी पाट्यावर मसालासुद्धा वाटून ठेवला होता. मास्तर म्हणाला, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्या. बापाने विचारून पाहिलं, मग गप्प बसला. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. मास्तरने नाकाला कापराची पुरचुंडी बांधली आणि तो रंगवत राहिला. चौथ्या दिवशी शेठच्या माळ्याने ते सगळं बागेत पुरलं.

"मी लय रडली गं," त्या मला म्हणाल्या. तोवर त्या मला अहोजाहो करत होत्या, इथे एकेरीवर आल्या. "मास्तरला वाटलं, मला कोंबड्याची दया आली. माज्या डोस्क्यावरून हात फिरवला आन् म्हनाला, पोर लय मायाळू हाय."

मी विचारलं, मग त्याला खरं कुणी सांगितलं नाही का. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या प्रश्नात काय चुकलं ते मला नंतर कळलं. कुणी सांगायचं होतं?

मग त्यांनी कुत्र्याचं सांगितलं. मास्तरने चित्रात त्यांनाही काढलं होतं, कट्ट्याखाली, डहाळा घेऊन. त्यांनी ते ओलं असताना पाहिलं होतं. पण शेठाणी आल्या आणि म्हणाल्या, जेवायच्या खोलीत वाडीतली पोर कशाला. मास्तरने पुस्तक उघडलं आणि त्यातला कुत्रा तिथे बसवला, असं बाप घरी येऊन म्हणाला. त्यांनी स्वतः ते कधी पाहिलं नाही. त्यानंतर बंगल्यात जायचं कारण पडलं नाही, आणि पुढे लग्न होऊन त्या कडावला आल्या.

दुपारी त्यांच्या सुनेने जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, त्याच वालाचं बिरडं, सुकट, वाटीभर दही. मी पोटभर जेवले. ऐकलेलं सगळं डोक्यात फिरत होतं आणि तरीही मला कडकडून भूक लागली होती. याची मला लाजही वाटली.

कळंबला परतले ते सरळ चित्रापुढे. मेघनाला ऐकलेलं सांगून पडदे ओढायला लावले आणि मोबाईलचा दिवा भिंतीला समांतर धरून, बाजूने, कुत्र्यावर टाकला. जुन्या चित्रात खाली दुसरं काही रंगवलेलं असेल तर असल्या तिरक्या उजेडात त्याचे उंचवटे दिसतात. दिसले. कुत्र्याच्या पाठीच्या वर एक लांबट रेघ होती, तिला फुटलेल्या छोट्या रेघा. डहाळा असावा. किंवा मास्तरने आधी कुत्र्याची शेपूट वर काढून मग खाली घेतली असावी. कुत्र्याच्या छातीखाली एक गोलसर फुगीर भाग होता. गुडघा? मेघना म्हणाली, मला तर मुलगी स्पष्ट दिसते. मी दिवा हलवला आणि मुलगी गेली. पुन्हा हलवला, पुन्हा काहीतरी दिसलं. तासभर हेच. मला दिसत होतं ते खरंच होतं, की दुपारी ऐकलेलं मी तिथे शोधत होते?

वकिलांना मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, पण चेहरा उतरला होता. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणापासून सांगितलं होतं, हे चित्र बोटीने आलंय. ते म्हणाले, की बाईंनी सत्तर वर्षांनी सांगितलेली गोष्ट ही गोष्ट झाली, पुरावा नव्हे. रानकोंबडा इकडून तिकडे नेऊनही कुणी रंगवला असेल. त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की ठकूबायना उद्या इथे बोलवूया. वकील उठून चित्रापाशी गेले, परत आले. मग म्हणाले, बोलवा.

दुसऱ्या दिवशी रमेशने आईला टेंपोत पुढे बसवून आणलं. ठकूबाय इरकली लुगडं नेसून आल्या होत्या. मागच्या दाराकडे वळत होत्या, तर साठे वकील स्वतः पुढच्या पायरीवरून उतरले आणि म्हणाले, इकडून या. हॉलमध्ये एक पाहुणं कुटुंब नाश्ता करत होतं. मेघनाने त्यांना व्हरांड्यात बसायची विनंती केली.

ठकूबाय चित्रापुढे उभ्या राहिल्या. चष्मा पदराने पुसला, पुन्हा लावला. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटलं, आता त्या कोपऱ्यातल्या कुत्र्याकडे बघतील. त्या कोंबड्याच्या पायाकडे बघत होत्या.

"हा तोच," त्या म्हणाल्या. "पायाला फाशाचा वळ हाय बगा."

कोंबड्याच्या डाव्या पायावर, पंजाच्या जरा वर, एक बारीक गडद रेघ होती. मी ती दोन दिवस भिंगातून पाहिली होती आणि रंगाला गेलेला तडा समजले होते. वकील पुढे झाले. मी त्यांच्या हातात भिंग दिलं. ती रेघ तडा नव्हती. ब्रशने काढलेली होती, दोन्ही कडांना खवले किंचित उचललेले. तिकडच्या चित्रांतली शिकार बंदुकीची किंवा ससाण्याची. हा कोंबडा फाशात सापडला होता आणि मास्तरने त्याच्या पायावरचा वळसुद्धा सोडला नव्हता. त्याला एवढं बारीक दिसत होतं. डहाळा घेऊन समोर बसलेल्या मुलीचं पोट मात्र दिसलं नाही. मला त्या माणसाचा राग आला आणि त्याच क्षणी त्या रेघेचं कौतुकही वाटलं. त्यातलं कुठलं खरं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

साठे वकिलांनी भिंग खाली केलं. "हा पुरावा आहे," ते म्हणाले. आयुष्यभर कोर्टात उभा राहिलेला माणूस, हरल्यावर कसं बोलावं हे त्याला ठाऊक होतं. "आजी, तुम्ही इथेच बसला होतात?"

ठकूबायनी आता कुत्र्याकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केला, पण चित्राला लावला नाही.

"हितंच," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "कुत्रा बरा काढलाय. ह्याला तरी मिळालं का खायाला?"

मेघना पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली ती बराच वेळ आली नाही.

वकिलांनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलावर आम्ही पाच जण बसलो. मेघनाने हळूच विचारलं, आजींना चालतं ना, कोंबडी केली आहे. ठकूबाय म्हणाल्या, का नाय चालत. त्यांनी सावकाश, हाडं चोखून, दोनदा रस्सा मागून जेवण केलं. चित्राकडे त्यांची पाठ होती. जेवताना त्या रमेशच्या म्हशींबद्दल, पावसात पडलेल्या रस्त्याच्या एका मोरीबद्दल आणि नातीच्या कॉलेजबद्दल बोलत होत्या. चित्राचं नाव काढलं नाही. मी मात्र समोर बसले होते. माझ्या घासागणिक टांगलेला ससा माझ्या डोळ्यांपुढे होता.

संध्याकाळच्या आत मी कर्जतहून पुण्याची गाडी धरली. घाट चढताना खाली सगळी खाचरं लखलखत होती आणि मला वाटत होतं, चला, आता पत्र सोपं आहे.

ते सोपं नव्हतं. सांगलीला येऊन चार मसुदे फाडले. वर्गात मी या चित्रांबद्दल जे ठामपणे सांगितलं होतं, हक्क, वैभव, मालकी, त्यातलं काही खोटं नव्हतं. पण शिकार केली कुणी, ती चार दिवस टांगलेली असताना खाली कोण बसलं होतं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. व्हिएन्नातल्या त्या प्रत्येक सशाच्या खाली तसं कुणी असेल का? असेलही, नसेलही. तिथल्या पाट्यांवर चित्रकाराचं नाव असतं आणि वर्ष असतं.

शेवटी पानभर पत्र झालं. चित्रकार माहीत नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. चित्र इथलंच, छापील युरोपीय नमुने बघून काढलेलं. कुत्र्याखाली आधी एक मानवाकृती असावी, पण खात्रीने सांगता येत नाही. ससा आणि रानकोंबडा बारकू यांनी फासे लावून धरले. माश्या त्यांच्या मुलीने वारल्या.

साठे वकिलांना ते फोनवर वाचून दाखवलं. व्यापाऱ्याला त्यांनी आधीच नकार कळवला होता. चित्र भिंतीवरच राहणार आणि पत्र त्याच्या शेजारी लागणार, असं मेघनाने आणि त्यांनी मिळून ठरवलं होतं. ज्यांना त्याखाली जेववणार नाही त्यांची पानं व्हरांड्यात मांडायची. पत्र ऐकून झाल्यावर ते म्हणाले, एक दुरुस्ती करा. साक्षीदाराचं नाव लागतं. 'मुलीने' म्हणून भागत नाही.

मी ठकूबाई लिहायला घेतलं आणि थांबले. ते तर सासरचं नाव असणार. आमच्या पिढीपर्यंत लग्नात मुलीचं नाव बदलायचेच, माझंही बदललं होतं. कट्ट्याखाली बसलेली मुलगी ठकू नव्हती. रमेशला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, माहीत नाय बाई, आमी कधी इचारलंच नाय. फोन तसाच धरून तो गोठ्यातून ओटीवर गेला. मला म्हशींच्या साखळ्या ऐकू आल्या, मग त्याचा आवाज, आई, तुजं माहेरचं नाव काय गं. मग त्यांनी स्वतःच फोन घेतला.

"भागी," त्या म्हणाल्या. "बारकूची भागी." आणि मी लिहून घेतलं की नाही, याची खात्री करून घ्यायला त्यांनी ते मला पुन्हा एकदा सांगितलं.